आधार हवा, धाक नको

मुलगा अभ्यासाला बसत नाही, नीट बोलत नाही, जरा काही म्हटलं की चिडतो. घरात तो आळशी ठरतो आणि शाळेत बेशिस्त. पण त्याला नेमकं काय होतंय, हे कुणी विचारतं का? जबलपूरच्या अधारतालमधून निघालेला हा प्रश्न मुंबई-पुण्यापासून नागपूरपर्यंतच्या प्रत्येक मराठी घरातला आहे.

संध्याकाळचे सात वाजलेत. जबलपूरच्या अधारताल भागातलं एक मराठी घर डोळ्यांसमोर आणा. बाबा खमरियाच्या फॅक्टरीतून नुकतेच परतलेत. आईनं चहा टाकलाय. दहावीतला मुलगा गणिताचं पुस्तक उघडून बसलाय खरा, पण तासाभरात पान काही उलटलेलं नाही.

‘‘अरे, किती वेळ तेच पान घेऊन बसला आहेस?’’

‘‘करून राहिलो ना, बाबा!’’

‘‘काय करून राहिलास? सहामाहीत गणितात किती पडले, आठवतंय ना? समोरच्या घरातला तुझ्याच वर्गातला ना? त्याला किती?’’

पुस्तक धाडकन मिटतं. पायात चपला सरकवून मुलगा बाहेर पडतो. ‘‘तुम्ही जरा दमानं घ्या हो,’’ असं आई पुटपुटते. ‘‘आमच्या वेळी असली थेरं नव्हती,’’ असं आजी म्हणते. चहा तसाच निवतो.

हे घर काल्पनिक आहे, पण ते ओळखीचं वाटलं नाही असा वाचक विरळाच! आता त्या पाच मिनिटांत मुलाला काय काय विचारलं गेलं ते पाहा. किती वेळ बसलास? किती मार्क पडले? दुसऱ्याला किती पडले? या तीन प्रश्नांनंतर एक चौथा प्रश्न येऊ शकला असता, ‘तुझं नेमकं कुठे अडतंय?’ तो मात्र कुणीच विचारला नाही. शाळेत मुलांचं मानसिक स्वास्थ्य, अभ्यासातली मदत, समुपदेशन असे जड शब्द हल्ली वारंवार कानावर येतात. त्या सगळ्याचं सार या चौथ्या प्रश्नात आहे.

नावातच आधार

जबलपूर हे बावन्न तलावांचं शहर, असं तिथले जुने लोक सांगतात. गोंड राणी दुर्गावतीच्या काळातल्या तीन तलावांची गोष्ट तर तिथल्या पोरासोरांनाही पाठ असते. राणीचा तो रानीताल, तिच्या दासीचा तो चेरीताल आणि तिचा विश्वासू मंत्री अधारसिंह याच्या नावाचा तो अधारताल. १५६४ साली राणी मोगल फौजेशी लढताना मृत्यू पावली. तिच्या पाठीशी उभ्या राहिलेल्या मंत्र्याचं नाव मात्र शहराच्या एका भागाला कायमचं चिकटलं. मराठी कानाला त्यात ‘आधार’ ऐकू येतो.

आज अधारताल म्हणजे १९६४ साली स्थापन झालेल्या जवाहरलाल नेहरू कृषी विश्वविद्यालयाचा परिसर, त्याच्या आजूबाजूच्या वसाहती, रिछाईचा औद्योगिक पट्टा आणि नोकरदारांची घरं. जबलपुरात मराठी माणूसही नवा नाही. अठराव्या शतकाच्या अखेरीस हा मुलूख मराठ्यांच्या ताब्यात आला, पुढे तो नागपूरकर भोसल्यांकडे गेला. १९५६ पर्यंत नागपूर हीच या प्रांताची राजधानी होती. नोकरीच्या निमित्तानं आलेली कितीतरी मराठी घरं इथेच रुजली.

अशा घरांत शिक्षणाला मोठा मान. ‘शेतीवाडी नाही, धंदा नाही, शिकलास तरच तरशील,’ हे वाक्य मुलगा पाळण्यापासून ऐकतो. त्या वाक्यात माया असते, पण दहावीच्या वर्षात त्याचं ओझं होतं. त्यातही तो मुलगा असेल तर ‘उद्या घर तुलाच चालवायचंय’ ही पुस्ती जोडली जातेच.

मुलगा रडत नाही, चिडतो

मुलगी उदास झाली की ती आईजवळ बसते, मैत्रिणीशी बोलते, कधी रडते. मुलाला मात्र चौथ्या-पाचव्या वर्षापासून ‘मुलगा असून रडतोस?’ हे ऐकवलेलं असतं. मग मनातलं बाहेर येतं ते भलत्याच वाटेनं. कुणी घरात तोडून बोलतो, कुणी शाळेत मारामारी करतो, कुणी वर्गात विदूषक होतो आणि कुणी गप्प बसून मोबाइलमध्ये डोकं खुपसतो. परीक्षा जवळ आली की कुणाचं पोट दुखतं, कुणाचं डोकं. हे ढोंग असेलच असं नाही. मनावरचा ताण शरीरातून बोलतो, हे डॉक्टरांना चांगलं ठाऊक असतं.

मुलांच्या शाळेत ही अडचण दुप्पट होते. सगळेच मुलगे, त्यामुळे सगळेच ‘मर्द’. ‘मला भीती वाटते’ असं एकानं म्हटलं की वर्गभर त्याची टर उडणार. साहजिकच कुणीच तसं म्हणत नाही. शिक्षकांच्या टेबलावर येतात त्या फक्त तक्रारी. गृहपाठ नाही, उशिरा आला, उलट बोलला, बाक तोडला. प्रत्येक तक्रारीला शिक्षा ठरलेली असते. तक्रारीमागचं कारण शोधायला वेळ कुणाला आहे?

पण आकडे सांगतात की कारण शोधायलाच हवं. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वयोगटातल्या ७.३ टक्के मुलांमध्ये मानसिक आजार आढळले. हे प्रमाण मुलग्यांत आणि मुलींत जवळजवळ सारखंच होतं. म्हणजे मुलगे कमी बोलतात याचा अर्थ त्यांना कमी त्रास होतो, असा नाही.

एनसीईआरटीनं २०२२ च्या सुरुवातीला सहावी ते बारावीच्या ३,७९,८४२ विद्यार्थ्यांची पाहणी केली. त्यांतल्या ८१ टक्के मुलांनी अभ्यास, परीक्षा आणि निकाल ही आपल्या काळजीची कारणं सांगितली. २८ टक्के मुलांना वर्गात प्रश्न विचारायला संकोच वाटत होता. चाळीस मुलांच्या वर्गात ही दहा-अकरा मुलं झाली. त्यांना कळलेलं नाही, हे शिक्षकांना कळणार तरी कसं?

या वाटेच्या टोकाला काय असतं, तेही सांगायलाच हवं. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केली. त्यांत निम्म्याहून अधिक मुलगे होते. राज्यांच्या यादीत महाराष्ट्र पहिला होता आणि मध्य प्रदेश तिसरा. अशा घटनेमागे एकच कारण कधीच नसतं. नुसत्या मार्कांमुळे कुणी जीव देत नाही. पण वेळीच कुणी विचारलं, कुणी ऐकलं, तर पुष्कळ मुलं त्या वाटेवरून परत फिरतात.

गाडी चौथीतच चुकली

आता पुन्हा त्या न उलटलेल्या पानाकडे वळू. मुलगा आळशी आहे, असं आपण धरून चालतो. पण बऱ्याचदा गोष्ट साधी असते. समोरचं गणित सोडवायला लागणारं मागचंच काही त्याला येत नसतं.

आठवून पाहा, आज दहावीच्या आसपास असलेली मुलं २०२० साली चौथी-पाचवीत होती. त्या मार्चमध्ये कोरोनामुळे शाळा बंद झाल्या आणि या लहान वर्गांच्या शाळा जवळजवळ दीड वर्ष नीट उघडल्याच नाहीत. मोठा भागाकार, अपूर्णांक, दशांश ही सगळी मंडळी नेमकी याच इयत्तांत भेटतात. ज्या घरात एकच मोबाइल होता आणि तोही बाबांबरोबर कामावर जात होता, त्या घरातल्या मुलाची ही भेट झालीच नाही. पुढे मुलगा वरच्या वर्गात ढकलला गेला, गणित मात्र खालीच राहिलं. बीजगणितातलं समीकरण दिसताच तो पुस्तकाकडे नुसता बघत बसतो, त्याचं कारण हे असू शकतं.

‘असर’च्या २०२३ च्या अहवालात हे चित्र स्पष्ट दिसलं. ग्रामीण भागातल्या १४ ते १८ वर्षांच्या मुलामुलींपैकी सुमारे एकचतुर्थांश जणांना आपल्या भाषेतला दुसरीच्या पातळीचा उतारा सराईतपणे वाचता येत नव्हता. तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येनं भागणं निम्म्याहून अधिक जणांना जमलं नाही. शहरातल्या मुलांची पाहणी त्यात नव्हती. पण शहरातल्या पालकांनी निर्धास्त राहावं असंही काही नाही.

अशा मुलाला ‘जास्त वेळ बस’ म्हणून काय उपयोग? पायऱ्याच गळालेल्या जिन्यावर ‘जोरात चढ’ म्हणण्यासारखंच ते! त्याला आधी गळालेली पायरी बसवून द्यायला हवी. शाळेनं वर्षाच्या सुरुवातीला मार्क नसलेली एक चाचणी घ्यावी. कोण हुशार ते ठरवायला नव्हे, कुणाचं काय राहिलंय ते शोधायला. मग शाळा सुटल्यावर तासभर, दहा-बारा मुलांचा गट करून तेवढंच शिकवावं. मध्य प्रदेशात अशा वर्गांना ‘निदानात्मक कक्षा’ म्हणतात. नाव चांगलं आहे. निदान आधी, औषध नंतर.

मात्र या वर्गाला ‘ढ मुलांचा वर्ग’ अशी पाटी लागली, की सगळं मुसळ केरात! पहिल्या आठवड्यातच मुलं दांड्या मारू लागतात. त्यावर उपाय म्हणजे या तासाला सगळ्यांना दार उघडं ठेवावं. ज्याला प्रमेय अडलंय तोही यावा आणि ज्याला पाढे अडलेत तोही. अकरावीतल्या मुलाला आठवीतल्या दोघांना शिकवायला बसवलं तर दुहेरी फायदा होतो. लहानांना दादाला विचारायला लाज वाटत नाही आणि दादाचंही पक्कं होतं.

काही मुलांची अडचण वेगळीच असते. तोंडी सगळं येतं, पण लिहिताना अक्षरं उलटीसुलटी होतात, वाचताना ओळ सुटते. हा अध्ययन अक्षमतेचा प्रकार असू शकतो. ‘तारे जमीन पर’ हा चित्रपट २००७ साली आला आणि घराघरांत हा विषय निघाला. पुढे २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात तिचा समावेश झाला. तज्ज्ञांकडून तपासणी करून प्रमाणपत्र मिळालं, तर बोर्डाच्या परीक्षेत जादा वेळेसारख्या सवलती मिळतात. पण त्यासाठी कुणाच्या तरी लक्षात यायला हवं की हा मुलगा बेफिकीर नाही, त्याला खरोखरच अडचण आहे.

घरी मराठी, शाळेत हिंदी, पुस्तक इंग्रजी

अधारतालमधल्या मराठी मुलाला आणखी एक कसरत करावी लागते. आईशी मराठी, मित्रांशी हिंदी आणि इंग्रजी माध्यमाची शाळा असेल तर पुस्तकातला शब्द तिसराच. आई ‘अपूर्णांक’ म्हणते, शेजारचे काका ‘भिन्न’ म्हणतात आणि पुस्तकात ‘फ्रॅक्शन’ असतं. वस्तू एक, नावं तीन. तीन भाषा येणं ही या मुलांची श्रीमंती आहे, यात शंका नाही. पण कच्च्या पायावर तिन्हींचा भार एकदम पडला की गोंधळ उडतो.

यावर भाषा बदलणं हा उपाय नव्हे. ‘घरी मराठी बोलूच नका, त्याचं इंग्रजी बिघडेल’ असा सल्ला काही जण देतात, तो मुळीच मानू नये. उलट धडा मुलानं आपल्या भाषेत आईला समजावून सांगावा. आईला भौतिकशास्त्र आलंच पाहिजे असं नाही. तिनं फक्त ‘म्हणजे काय रे?’ असं विचारत राहावं. जिथे त्याची गाडी अडखळेल तिथे त्याचं कच्चं आहे, हे त्याचं त्यालाच समजेल. या शिकवणीला पैसे पडत नाहीत.

वाचणं म्हणजे अभ्यास नव्हे

आपल्याकडे अभ्यास म्हणजे पुस्तक समोर धरून बसणं. जितके तास जास्त, तितका मुलगा गुणी. पण स्मरणशक्तीचा हिशेब वेगळा आहे.

अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी यांनी २००६ साली एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. काही विद्यार्थ्यांनी एक उतारा दोनदा वाचला. दुसऱ्यांनी तो एकदाच वाचला आणि मग पुस्तक मिटून जेवढं आठवेल तेवढं लिहून काढलं. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा दोनदा वाचणारे पुढे होते. त्यांना ८१ टक्के आठवलं, दुसऱ्यांना ७५. पण आठवड्यानं पुन्हा विचारलं तेव्हा पारडं फिरलं. दोनदा वाचणाऱ्यांना ४२ टक्के आठवलं आणि लिहून पाहणाऱ्यांना ५६!

याचा बोध काय? धडा एकदा नीट वाचावा, पुस्तक मिटावं आणि कोऱ्या कागदावर आठवेल ते लिहावं. राहिलं असेल तेवढंच पुन्हा पाहावं. दोन दिवसांनी पुन्हा, आठवड्यानं पुन्हा. सलग चार तास बसण्यापेक्षा पाऊण-पाऊण तासाचे तुकडे बरे. ही पद्धत घरातल्या मोठ्यांनी हौसेनं सांगितली तर मुलगा कदाचित ऐकणार नाही. शाळेनं वर्गातच पंधरा मिनिटं तशी बसवून घेतली, तर मात्र ती त्याच्या अंगवळणी पडेल.

दुसरी गोष्ट झोपेची. १३ ते १८ वर्षांच्या मुलांना रोज ८ ते १० तास झोप लागते, असं झोपेचे तज्ज्ञ सांगतात. दिवसभर शाळा, संध्याकाळी कोचिंग, रात्री गृहपाठ आणि त्यानंतर पांघरुणात मोबाइल. मग सकाळच्या पहिल्या तासाला मुलगा पेंगतो आणि बाई त्याला उभं करतात. दिवसा शिकलेलं मेंदूत नीट लावून ठेवण्याचं काम झोपेत होतं. झोप कापून केलेला अभ्यास म्हणजे भोक पडलेल्या बादलीत पाणी भरणं.

तिसरी गोष्ट मैदानाची. दहावी आली की सगळ्यात आधी खेळाच्या तासावर गदा येते. मुलांच्या शाळेत तर हे मुळीच होऊ नये. मुलगे समोरासमोर बसून मन मोकळं करत नाहीत. बॉल टाकता टाकता, सायकल ढकलता ढकलता बोलतात. वर्गात गप्प असणाऱ्या मुलाचं मन पुष्कळदा पी.टी.च्या सरांना आधी कळतं.

ऐकणारं माणूस कुठे आहे?

शाळेत मुलांना मार्गदर्शन मिळावं, ही कल्पना परदेशातून काल-परवा आलेली नाही. १९५२-५३ च्या मुदलियार आयोगानं माध्यमिक शाळांत मार्गदर्शनाची शिफारस केली होती. १९६४-६६ च्या कोठारी आयोगानं दहा शाळांमागे निदान एक फिरता समुपदेशक असावा, असं सुचवलं होतं. खुद्द जबलपुरात शैक्षणिक मानसशास्त्र आणि मार्गदर्शन या विषयाला वाहिलेलं सरकारी महाविद्यालय आहे. अशी संस्था असलेली शहरं देशात फारशी नाहीत. म्हणजे विद्या आहे, विद्या देणारे आहेत. ती प्रत्येक शाळेच्या दारापर्यंत पोचणं तेवढं राहिलं आहे.

अलीकडे कायद्याचा रेटाही वाढला आहे. २०२० साली सुरू झालेल्या केंद्राच्या शालेय आरोग्य कार्यक्रमात प्रत्येक शाळेतल्या दोन शिक्षकांना आरोग्यदूत म्हणून तयार करायचं ठरलं. त्यांच्या विषयांत भावनिक स्वास्थ्यही आहे. २५ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयानं विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांसंबंधीच्या एका खटल्यात देशभरच्या शिक्षणसंस्थांसाठी निर्देश दिले. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असतील तिथे निदान एक प्रशिक्षित समुपदेशक नेमावा, मार्कांवरून मुलांच्या तुकड्या पाडणं आणि चारचौघांत अपमान करणं टाळावं, असं त्यांत म्हटलं आहे. दहा शाळांमागे एक इथून शंभर किंवा अधिक मुलांच्या प्रत्येक संस्थेत निदान एक इथवर यायला जवळजवळ साठ वर्षं लागली.

पण नुसती नेमणूक करून भागत नाही. समुपदेशकाची खोली मुख्याध्यापकांच्या खोलीला लागून असेल, तर तिथे जाणाऱ्या मुलाकडे सगळे ‘याचं काहीतरी भानगड आहे’ अशा नजरेनं बघणार. आणि त्यानं सांगितलेली गोष्ट मधल्या सुट्टीत स्टाफरूममध्ये पोचली, तर तो पुन्हा कधी तोंड उघडणार नाही. जिवाला धोका असेल तेवढा प्रसंग सोडून मुलानं सांगितलेलं गुपितच राहायला हवं.

आणि समुपदेशक येईपर्यंत हातावर हात ठेवून बसायचं का? मुळीच नाही. प्रत्येक शिक्षकानं दहा-बारा मुलं आपली मानावीत. आठवड्यातून एकदा वीस मिनिटं त्यांच्याशी बोलावं. मार्कांबद्दल नव्हे, इकडचं तिकडचं. कुणाच्या घरी आजारपण आहे, कुणाच्या बाबांचं काम सुटलंय, कुणाला वर्गातले मुलगे छळतात, हे सगळं त्या वीस मिनिटांत हळूहळू बाहेर येतं. आपल्याला नावानिशी ओळखणारं एक मोठं माणूस शाळेत आहे, एवढी खात्री झाली तरी मुलाला अर्धा आधार मिळतो.

छडी कायद्यानं गेली, मनातून?

शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या १७ व्या कलमानं मुलाला मारायलाही बंदी आहे आणि त्याचा मानसिक छळ करायलाही. तरी ‘दोन रट्टे दिल्याशिवाय मुलगे सरळ येत नाहीत’ असं म्हणणारे शिक्षक आहेत. ‘सर, तुम्ही खुशाल मारा, आमची तक्रार नाही’ असं म्हणणारे पालक तर त्याहून जास्त. मारानं मुलगा गप्प होतो, हे खरं. पण गप्प होणं म्हणजे समजणं नव्हे. ज्याला पाढा येत नाही, त्याला मारल्यावरही पाढा येत नाहीच. आता तो पाढ्याला आणि सरांना, दोघांनाही घाबरतो, एवढाच फरक.

याहून नाजूक आणखी एक गोष्ट आहे, जिच्याबद्दल मुलांच्या बाबतीत आपण बोलतच नाही. महिला व बालविकास मंत्रालयाच्या २००७ च्या पाहणीत लैंगिक अत्याचार सोसल्याचं सांगणाऱ्या मुलांत निम्म्याहून अधिक मुलगे होते. २०१२ चा ‘पॉक्सो’ कायदा मुलगा-मुलगी असा भेद करत नाही. एखादा मुलगा अचानक ठरावीक माणसाला टाळू लागला, शाळेला किंवा शिकवणीला जायचं नाव काढताच अंग काढू लागला, तर ‘अभ्यास नको म्हणून नाटकं’ असा शिक्का मारण्याआधी त्याच्याजवळ शांतपणे बसायला हवं. आणि तो जे सांगेल त्यावर विश्वास ठेवायला हवा.

नापास म्हणजे शेवट नव्हे

निकालाचा दिवस आजही घरोघरी धास्तीचा असतो. पण आता एका निकालावर वर्ष जातंच, असं नाही. महाराष्ट्रात २०१५ पासून दहावीच्या नापास मुलांसाठी जुलैमध्येच फेरपरीक्षा सुरू झाली. मध्य प्रदेशात राज्य मुक्त शाळेमार्फत २०१६ साली ‘रुक जाना नहीं’ योजना आली. २०२५ साली तिथल्या मंडळानं पुरवणी परीक्षेऐवजी त्याच वर्षी दुसरी परीक्षा घेण्याची पद्धत आणली. ही माहिती मुलाला निकालानंतर नव्हे, परीक्षेच्या आधीच द्यावी. ‘पडलास तर पुन्हा उठायची सोय आहे आणि आम्हीही आहोत’ हे ऐकून कुणी आळशी होत नाही. उलट हातांची थरथर कमी होते आणि येत असलेलं तरी धड लिहून होतं.

मुलगा आठवड्यांमागून आठवडे उदास असेल, जेवण-झोप बिघडली असेल, आवडत्या गोष्टींतून मन उडालं असेल, आपल्या वस्तू वाटून टाकत असेल किंवा ‘मी नसतो तर बरं झालं असतं’ असं बोलत असेल, तर वाट पाहू नये. मानसोपचारतज्ज्ञाकडे जाणं म्हणजे वेड लागणं नव्हे. जबलपूरच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात मनोविकार विभाग आहे. ‘टेली मानस’ ही केंद्र सरकारची मोफत सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस चालते आणि तिथे मराठीतही बोलता येतं. संकटात सापडलेल्या मुलासाठी १०९८ हा क्रमांक आहे. हे दोन आकडे घरातल्या भिंतीवर, गॅसच्या नंबराशेजारी लिहून ठेवायला काय हरकत आहे?

आई-बाबांनी एवढं करावं

• दिवसातला एक प्रश्न तरी मार्कांशी संबंध नसलेला असावा.

• शेजारच्या, नात्यातल्या मुलाशी तुलना करू नये. स्वतःच्या दहावीच्या मार्कांच्या कथाही आवरत्या घ्याव्यात.

• मुलगा बोलू लागला की मध्येच उपदेश सुरू करू नये. आधी पूर्ण ऐकावं.

• रात्री सगळ्यांचेच मोबाइल एका जागी ठेवावेत. बाबांचासुद्धा!

• शाळेत फक्त निकालाच्या दिवशी न जाता अधूनमधून जावं आणि ‘त्याला काय येत नाही’ याबरोबर ‘त्याला काय छान येतं’ हेही विचारावं.

• चूक झाली, हात उगारला गेला, तर मुलाची माफी मागायला लाजू नये. त्यानं वडीलकी कमी होत नाही.

यांतल्या एकाही गोष्टीला पैसा लागत नाही. वेळ लागतो आणि थोडा धीर.

आता त्या अधारतालच्या घरात परत जाऊ. पुन्हा संध्याकाळचे सात. तेच पुस्तक, तेच न उलटलेलं पान. समजा, या खेपेला बाबा खुर्ची ओढून शेजारी बसले. घड्याळाकडे न बघता म्हणाले, ‘‘चल, मलाही दाखव. तुझं नेमकं कुठे अडतंय?’’

मुलगा आधी खांदे उडवेल. ‘‘कुठेच नाही,’’ म्हणेल. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या-चौथ्या दिवशी कदाचित पेन्सिलीनं एका ओळीवर बोट ठेवेल आणि हळूच म्हणेल, ‘‘बाबा, हे छेद समान करायचं असतं ना... ते मला कधी समजलंच नाही.’’

दहावीतल्या मुलाला पाचवीतलं गणित येत नाही, हे ऐकून बाबांच्या जिभेवर बरंच काही येईल. ते त्यांनी गिळावं. पाच वर्षं मनात दडवून ठेवलेली गोष्ट मुलानं आज सांगितली आहे. त्याचा खरा अभ्यास इथून सुरू होतो.